आयत्या वेळचा विषय

“बाई, हा चेहरा एकोणीसशे आठच्या नकाशात नाही,” असं म्हणून डॉक्टर कासेगावकरांनी दात खरवडायचं बारीक अवजार डब्याच्या दारावर रंगवलेल्या बाईच्या नथीवर टेकवलं.

“नकाशात मापं असतात, डॉक्टर. रंगाऱ्याने मागाहून काय काढलं ते नकाशाला कसं कळणार?” मी म्हटलं.

“आणि कपाळावरचा हा थर म्हणजे तर निव्वळ कीड आहे,” डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर दातांचे. आयुष्यभर त्यांनी माणसांच्या तोंडात अवजारं घालून त्यांना प्रश्न विचारले होते. त्यामुळे प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबायचं असतं, हे ते कधीच विसरून गेले होते. त्यांच्याशी बोलताना माझंही तोंड आपोआप मिटायचं, आणि मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही.

ही हकिगत आमच्या करंजवाडी जंक्शनची. तांदुळखेडला जाणारी छोटी गाडी बंद पडून बरीच वर्षं झाली आणि मग गावाला तिचा उमाळा आला. चालू होती तेव्हा ‘चालत गेलो असतो तर आधी पोचलो असतो’ म्हणून तिला शिव्या घालणारेच लोक आता तिच्या नावाने डोळे पुसायला लागले. त्यातून ‘छोटी लाइन जतन मंडळ’ निघालं, मालधक्क्याच्या शेडमध्ये संग्रहालय उभं राहिलं, आणि यार्डात सडत पडलेला एक लाकडी प्रवासी डबा आमच्या ताब्यात आला. दर रविवारी स्वयंसेवक जमायचे, डबा घासायचे आणि घासताना फोटो काढून घ्यायचे. काहींच्या हातातला पॉलिश पेपर वर्षभर तोच होता, फोटोतले शर्ट मात्र दर वेळी नवे.

मी शकुंतला धायगुडे, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेली. मंडळाच्या पहिल्या दिवसापासूनची सभासद. मला तिथे ‘आतिथ्य प्रमुख’ असं पद होतं. म्हणजे चहा.

मंडळात दोन तट होते. अध्यक्ष डॉक्टर कासेगावकर आणि त्यांची माणसं आठवाले. एकोणीसशे आठ साली डबा कारखान्यातून जसा निघाला, हुबेहूब तसाच तो करायचा. सचिव रंगनाथ उंबरे आणि त्यांची माणसं बावन्नवाले. उंबरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि दोन पायऱ्या चढायच्या असल्या तरी ‘टप्पा एक, टप्पा दोन’ म्हणायचे. त्यांच्याकडे बावन्न सालचा एक फोटो होता. त्यांच्या मामांची बदली झाली तेव्हा याच डब्यासमोर निरोपसमारंभ झाला होता. डबा त्या फोटोत दिसतो तसाच झाला पाहिजे, हा त्यांचा हेका.

दोघांनी एकमेकांवर इतकी कागदपत्रं फेकली की डबा बाजूलाच राहिला. शेवटी तडजोड झाली. दारं आठची, खिडक्या बावन्नच्या. दोघांनी पेढे खाल्ले, चहा अर्थात मी केला.

फक्त एका बाबतीत दोन्ही तटांचं पहिल्यापासून एकमत होतं. डब्याच्या शेवटच्या टोकाला बायकांचा वेगळा कप्पा होता आणि त्याच्या दारावर एका बाईचा चेहरा रंगवलेला होता. डोक्यावर पदर, नाकात नथ, मोठे डोळे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कप्पा ओळखू यावा म्हणून कुण्या रंगाऱ्याने तो काढला असणार. आम्ही बायका तिला ‘दारातली’ म्हणायचो. सासरी निघालेल्या मुली गाडीत चढताना तिला कुंकू लावायच्या. लेकीला पाठवायला आलेल्या आया लावायच्या. त्याचाच थर तिच्या कपाळावर बसला होता, डॉक्टरांना कीड वाटला तो.

ही दारातली आठच्या नकाशात नव्हती. आणि बावन्नच्या फोटोत बरोबर त्या दारापुढे उंबऱ्यांचे मामा गळ्यात हार घालून उभे होते.

“असेल तर मामांच्या पाठीमागे असेल,” मी सभेत म्हटलं.

“बाई, पुरावा म्हणजे जे दिसतं ते,” उंबरे म्हणाले. “मामा दिसतात.”

“मग मामांनाच काढा दारावर.”

कुणी हसलं नाही. ठराव झाला. दार चॉकलेटी रंगाने रंगवायचं, कप्प्यात गोऱ्या साहेबाचा पुतळा बसवायचा आणि दारावर सोनेरी अक्षरांत ‘साहेबाचं दालन’ लिहायचं. या गाडीतून कधी कुठला साहेब गेला, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पण संग्रहालय म्हटलं की साहेब लागतोच, असं दोन्ही तटांचं मत पडलं.

“त्या कप्प्यात साहेब कधी बसला नाही,” मी म्हटलं. “बायका बसायच्या. शाळेच्या, बाजाराच्या, बाळंतपणाच्या. ते चित्र तसंच राहू द्या. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा.”

“बाई, हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही,” उंबरे म्हणाले.

“आयत्या वेळच्या विषयात घ्या.”

“त्याला अध्यक्षांची परवानगी लागते.”

सभा डब्यापाशीच भरली होती आणि अध्यक्ष तेव्हा दाराची आतली कडी स्क्रू काढून सोडवत होते. मी त्यांच्याकडे वळले.

“आणि डॉक्टर, ती कडी काढू नका. पूर्वी आतून उघडायला कडी नव्हतीच. बायका खिडकीतून हात बाहेर घालून बाहेरची मूठ फिरवायच्या. मग चोऱ्या व्हायला लागल्या म्हणून खिडक्यांना गज आले, आणि गज आले म्हणूनच आतून कडी आली. गज ठेवणार असाल तर कडीही ठेवा.”

“गज हा खिडक्यांचा विषय,” डॉक्टर म्हणाले. “कडी हा दारांचा. दारं आठची.” आणि कडी निघाली.

कडी त्यांनी फेकून दिली नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. ती काचेच्या कपाटात ठेवली आणि खाली चिठ्ठी लावली, ‘उत्तरकालीन भर’.

सभा संपताना उंबरे माझ्याजवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. ठराव झाला की झाला. आता तो बदलायचा तर दुसऱ्या ठरावानेच. सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, गणपूर्ती पाहिजे.”

मी ते ध्यानात ठेवलं. गणिताच्या माणसाला पायऱ्या लक्षात राहतात.

उद्घाटन भर उन्हाळ्यात ठेवलं होतं, कारण आमदारांना तीच तारीख मोकळी होती. साहेबाचा पुतळा आदल्या दिवशी आला. करंजवाडीत पुरुषांचा पुतळा कुठून मिळणार? बंद पडलेल्या साडीच्या दुकानातली एक बाहुली आणली होती. तिला कोट चढवला, डोक्यावर टोप ठेवला आणि ओठांवर सरसाने मिशी डकवली. कमरेवर ठेवलेला हात काही सरळ होईना, म्हणून त्यात छडी अडकवली. बायकांच्या त्या कप्प्यात अखेर एकच बाई उरली आणि तिलाही यांनी मिशा लावल्या.

मी जैतूनबी मणेरला बोलावून घेतलं होतं. जैतून माझ्याच वयाची. पूर्वी याच कप्प्यात टोपली घेऊन बांगड्या विकायची. तांदुळखेड येईपर्यंत सगळ्या बायकांचे हात भरलेले असायचे. ती काठी टेकत डब्याजवळ आली आणि दारापुढे थांबली.

“दारातली कुठं गेली गं?”

“रंगाखाली.”

“मेली का जित्ती हाय?”

“जिवंत आहे. रंगाचा एकच हात दिलाय. घाई होती ना उद्घाटनाची.”

“आन् ह्यो कोन साहेब? ह्याची कंबर बघ की गं. ह्याला बाळंतपन झाल्यावानी दिसतंय.”

आमदार आले. आतिथ्य प्रमुख या नात्याने मी त्यांच्यापुढे मठ्ठा धरला. उन्हातून आलेला माणूस, त्यांनी तीन पेले रिचवले. फीत कापली गेली, भाषणं झाली. डॉक्टरांनी ‘अस्सल’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की माइकसुद्धा कंटाळून शिट्टी वाजवायला लागला. मग माझ्याखेरीज अख्खी कार्यकारिणी आमदारांना घेऊन साहेबाच्या दालनात शिरली. बाहेर उरलो आम्ही, आमदारांचे कार्यकर्ते आणि फोटोग्राफर.

“दार लावून घेऊ का साहेब?” फोटोग्राफर म्हणाला. “दारावरची सोनेरी अक्षरं आणि खिडकीत तुम्ही सगळे, असा फोटो झकास येईल.”

“लाव, लाव,” डॉक्टर आतून म्हणाले.

दार धाडकन लागलं. रंगाचा वास कोंडू नये म्हणून कामाच्या दिवसांत ते सतत उघडं असायचं. डबा दुरुस्त झाल्यापासून ते बंद होण्याची ही पहिलीच वेळ होती.

फोटो निघाला. डॉक्टरांनी दार ढकललं. मग त्यांनी दारावरून हात फिरवला, जिथे कडी असते तिथपर्यंत. कडी तिथे नव्हती. ती त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठीवर काचेच्या कपाटात विसावली होती.

“उंबरे, खिडकीतून हात घाला बाहेर,” डॉक्टर म्हणाले.

“कसा घालणार? गज आहेत.”

“गज तुमचे आहेत!”

“दार तुमचं आहे!”

“बाहेरून उघडा रे कुणीतरी,” आमदार म्हणाले. आवाज अजून सभेतलाच होता.

एक कार्यकर्ता पुढे झाला आणि त्याने मूठ खाली दाबली. मूठ हलेना. दुसऱ्याने त्याला बाजूला सारून आणखी जोरात खाली दाबली. तिसरा मुठीला लोंबकळला. जैतूनने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ती मूठ खाली दाबायची नव्हतीच. गुडघ्याने दार जरा उचलायचं आणि मूठ वर फिरवायची. छोट्या गाडीच्या बायकांना ते झोपेतसुद्धा जमायचं. आठच्या नकाशात गुडघा दाखवलेला नसतो. पलीकडचं दार शेडच्या भिंतीला टेकलेलं होतं, त्यामुळे तो मार्गही बंद.

“पहार आणा!” कार्यकर्त्यांपैकी कुणीतरी ओरडलं.

“पहार नको!” डॉक्टर आतून किंचाळले. “बर्मा सागवान आहे! अस्सल आहे!”

“अहो डॉक्टर, मी पण अस्सल आहे,” आमदार म्हणाले. त्यांचा चेहरा मठ्ठ्याच्या परिणामाने गंभीर झाला होता. “मला जायचंय. लवकर जायचंय.”

आत पंखा नव्हता, कारण आठ साली पंखा नव्हता आणि बावन्न साली तो बिघडलेला होता. साहेबाची मिशी उकाड्याने सुटायला लागली होती.

“उघड की गं बाई,” जैतून माझ्या कानाशी म्हणाली. “मानसं शिजत्यात.”

“थांब जरा. विषय पत्रिकेवर नाही.”

मी खिडकीपाशी गेले. गजांपलीकडे सगळी कार्यकारिणी घाम पुसत उभी होती. वर्षभरात पहिल्यांदाच सगळ्यांची तोंडं माझ्या दिशेने होती.

“डॉक्टर, हे दार मला उघडता येतं,” मी म्हटलं. “जैतूनलाही येतं. पण आधी सभा घ्या.”

“कसली सभा?”

“कार्यकारिणीची. गणपूर्ती आत आहे. मी बाहेर असले तरी हजर आहे. आयत्या वेळचा विषय. दारावरच्या बाईचा चेहरा रंगाखालून मोकळा करून कायम ठेवायचा आणि या कप्प्यातला साहेब हलवायचा.”

“बाई, ही सक्ती आहे,” उंबरे म्हणाले. “तत्त्वतः हे बरोबर नाही.”

“तत्त्वतः दारही उघडायला हवं होतं, उंबरे. उघडतंय का?”

डॉक्टरांनी गज दोन्ही हातांनी धरले. चिडले होते, पण त्यांना खरंच कळत नव्हतं. “एवढ्याशा रंगकामासाठी? एका चित्रापायी तुम्ही हे चालवलंय? ना त्याला साल, ना कलाकाराचं नाव.”

तोवर मी हसत होते. त्या वाक्यावर माझं हसू गेलं. ती गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, सभेत तर नाहीच. सभेत पुरावा लागतो.

“माझी सातवी झाली तेव्हा आमच्या गावात पुढे शाळा नव्हती,” मी म्हटलं. “हायस्कूल इथे. वडील म्हणाले, पोरगी गाडीत परक्या पुरुषांत बसून जायची नाही, विषय संपला. माझ्या आईला अक्षर वाचता येत नव्हतं. ती वडिलांना हाताला धरून आमच्या गावच्या स्टेशनात घेऊन आली. गाडी लागली तशी या दारापुढे उभी राहिली आणि म्हणाली, ‘ही बाई दारातच उभी हाय. पोरगी हिच्या हवाली करते. आता बोला.’ वडिलांनी खिशातून तिकिटाचे पैसे काढले. त्या दिवसापासून मी मॅट्रिक होईपर्यंत आई रोज मला सोडायला यायची, आणि आधी हिला कुंकू लावायची, मग मला चढवायची. माझं शिक्षण या चित्राने केलंय, डॉक्टर. आणि तुम्ही तिच्या तोंडावर साहेब लिहिलात.”

आमदारांनी आतून हात वर केला. मग दुसराही केला.

“मंजूर,” ते म्हणाले. “एकमताने मंजूर. अहो, घ्या ना लवकर!”

“तुम्ही सभासद नाही, साहेब,” उंबरे म्हणाले. तशा अवस्थेतही म्हणाले. काही माणसांच्या रक्तातच कार्यालय असतं.

“मग तुम्ही मांडा!” आमदार गरजले.

उंबऱ्यांनी घसा साफ केला. “सूचक, रंगनाथ उंबरे.” आणि डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पहारीकडे. पहार एव्हाना आली होती. “अनुमोदक,” ते पुटपुटले, “अरविंद कासेगावकर.”

“ऐकू आलं नाही,” जैतून बाहेरून म्हणाली. तिला दोन्ही कानांनी ठणठणीत ऐकू येतं.

“अनुमोदक अरविंद कासेगावकर!”

मी कार्यकर्त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. गुडघा दाराला लावला. गुडघा आता पूर्वीचा राहिला नव्हता, म्हणून जैतूनने काठी खालून घालून दार उचललं. मी मूठ वर फिरवली. दार मुकाट्याने उघडलं.

पहिले आमदार बाहेर पडले आणि भाषण न करता निघून गेले. त्यांच्या आयुष्यात असं दुसऱ्यांदा घडलं असेल असं वाटत नाही. त्यांच्यामागून कार्यकारिणी उतरली. सगळ्यांत शेवटी डॉक्टर. साहेबाची मिशी त्यांच्या बाहीला चिकटली होती. ती काढून द्यावी असं कुणालाही वाटलं नाही.

गावात पुढे बरंच काय काय बोललं गेलं. बाईंनी आमदाराला कोंडलं, असंही लोक म्हणाले. त्याला आता बारा-पंधरा वर्षं झाली, पण अजून कुणी विचारलं तर मी सांगते, त्यांना मी कोंडलं नाही. त्यांना अस्सलपणाने कोंडलं. मी फक्त सभा घेतली, आणि मला त्याचा तिळमात्र पश्चात्ताप नाही.

पुढच्या रविवारी कुणी येईल असं मला वाटलं नव्हतं. मी चहाचं सामान घेऊन शेडमध्ये गेले तर डॉक्टर एकटेच दारापुढे स्टूल टाकून बसले होते. शेजारी अवजारांची डबी उघडी होती. साहेब आतून गेला होता. त्याचा टोप तेवढा उंबऱ्यांनी कपाटात कडीशेजारी ठेवला होता. चिठ्ठी अजून लावली नव्हती.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी स्टोव्ह पेटवला. त्यांचा हात मात्र खरा कसबी होता, तो मला त्या दिवशी प्रथम दिसला. चॉकलेटी रंग ते नखाएवढा नखाएवढा उचलत होते आणि खालचा रंग जसाच्या तसा वर येत होता. सोनेरी ‘साहेबा’तला ‘सा’ गेला. मग एक डोळा आला. मग नथ. पदराची कड. चहा दोनदा निवला, मी दोनदा गरम केला.

ते कपाळाशी पोचले तेव्हा थांबले. चॉकलेटी पापुद्र्याखाली कुंकवाचा जाड, काळपट लाल थर होता. तेलाने आणि धुळीने दगडासारखा झालेला. इतक्या बायकांनी इतकी वर्षं एकाच जागी टेकवलेली बोटं.

डॉक्टरांनी अवजार उचललं आणि हवेत धरलं.

“बाई, हा थर चित्रानंतरचा आहे,” ते म्हणाले. “मूळ रंगाऱ्याचा नाही. नियमाने तो काढायला हवा. काढू की ठेवू?”

आणि ते वळून माझ्याकडे बघत राहिले. मला समजायला थोडा वेळ लागला. ते उत्तरासाठी थांबले होते.

माझं पुष्कळ बोलणं ठरवून ठेवलेलं होतं, नियमाबद्दल, आठबद्दल, बावन्नबद्दल. ते सगळं सोडून मी चहाचं भांडं खाली उतरवलं.

“ठेवा,” मी म्हटलं. “त्यात माझ्या आईचं बोट आहे.”

डॉक्टरांनी अवजार पुसलं आणि डबीत ठेवून दिलं.